लिंक रोड ते लिंक्स

‘लिंक’ म्हटलं की उपनगरातल्या माणसाला काय आठवतं? ट्रॅफिक! न्यू लिंक रोड, अंधेरी-घाटकोपर लिंक रोड, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, गोरेगाव-मुलुंड लिंक रोड... आपलं अर्धं आयुष्य कुठल्या ना कुठल्या लिंक रोडवर, रिक्षाच्या मीटरकडे बघत चाललेलं असतं. त्यामुळे जुलै २०२३ मध्ये लिव्हरपूलला ऑनसाइट गेलेल्या माझ्या मित्राचा ‘शुक्रवारी लिंक्सवर चाललोय’ असा मेसेज आला, तेव्हा मी मालाडच्या सिग्नलवर बसून अगदी निरागसपणे विचारलं, ‘का रे, तिथेही जाम आहे का?’

हा मित्र पक्का मुलुंडकर. सेंट्रल लाइनवर वाढलेला, क्रिकेटवेडा, आणि गोल्फ म्हणजे रिटायर्ड लोकांनी हिरवळीवर मारलेला फेरफटका असं ठाम मत असलेला. त्याला ऑफिसातल्या कुणीतरी ‘दि ओपन’चं एक तिकीट दिलं होतं. १८६० पासून चालत आलेली ही स्पर्धा, गोल्फच्या चार मेजर स्पर्धांमधली सगळ्यात जुनी. दरवर्षी जुलैमध्ये होते आणि कायम समुद्राकाठच्या ‘लिंक्स’ कोर्सवरच. २०२३ साली ती लिव्हरपूलजवळच्या हॉयलेकला होती, २० ते २३ जुलै. गुरुवार ते रविवार. मी म्हटलं, तू तिथे चाल, मी इथून फॉलो करते. बोरिवलीची मुलगी, मालाडला नोकरी, आणि चार दिवस गोल्फ! आईने तर हात जोडले.

तसा माझा गोल्फशी आलेला संबंध एका सकाळपुरता होता. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ चा. घाटकोपरहून रिक्षाने गेलात तर फार लांब नाही. पण तो मेंबर्सचा क्लब, त्यामुळे आपण आयुष्यभर त्याच्या बाहेरूनच जातो. एका क्लायंटच्या कृपेने मला एकदा आत जायला मिळालं. मोठमोठी झाडं, मऊ गवत, आणि मधेच रिफायनरीच्या बाजूने येणारा तो खास चेंबुरी वास. मी तीनदा हवेत काठी फिरवली, चौथ्यांदा माती उडवली. सोबतचे कॅडीदादा गालातल्या गालात हसत होते. शेवटी ग्रीनवर आल्यावर त्यांनी मला एकच धडा दिला. ‘मॅडम, होलकडे नका बघू. इथे बादलीभर पाणी ओतलं तर कुठे जाईल ते बघा. बॉल तिकडेच जाणार.’ मी बघितलं, मारलं, आणि बॉल खरंच तिकडे गेला. होलमध्ये नाही गेला, पण ते सोडा.

चेंबूरच्या वस्त्यांमधली कॅडीची कामं करणारी पोरं घराजवळच्या गल्लीबोळातही गोल्फ खेळतात, वाकवलेली सळई घेऊन आणि प्लास्टिकचा बॉल घेऊन. त्यांचे फोटो परदेशी मासिकांत छापून आलेत. मला ते फोटो बघताना नेहमी वाटतं, यांच्याकडे खेळ आहे आणि जमीन नाही. उलट भानगड मात्र भरपूर ठिकाणी आहे.

तर गुरुवार. वेळेचं गणित सोपं आहे. जुलैमध्ये इंग्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथे सकाळी साडेसहाला पहिला चेंडू उडाला की आपल्याकडे ऑफिसात अकराचा चहा चालू झालेला असतो. आणि तिथे उन्हाळा म्हणजे रात्री नऊपर्यंत उजेड, म्हणून शेवटचा खेळाडू आत येईपर्यंत इथे आपली जेवणं उरकून मध्यरात्र होते. म्हणजे नोकरी करणाऱ्यासाठी परफेक्ट! दुपारभर एका टॅबमध्ये स्कोअर, संध्याकाळी ट्रेनमध्ये मोबाइल, रात्री घरी लॅपटॉप. फक्त बॉसने मागे येऊन उभं राहू नये.

पण त्या गुरुवारी अकरा वाजता कुणीच काही उघडलं नाही. आदल्या दिवसापासून कोसळत होता, शाळांना सुट्टी दिली होती आणि सकाळपासून सगळ्या चॅनेलवर इर्शाळवाडी होती. रात्री खालापूरजवळचा डोंगर झोपलेल्या वाडीवर आला होता. कँटीनमध्ये सगळे टीव्हीसमोर नुसते उभे. कुणी काही बोलत नव्हतं. मी स्कोअर बघितला तो थेट संध्याकाळी, आणि तोही मित्राचा मेसेज आला म्हणून. ‘अगं, आपला एक जण आहे. ६८ मारलेत!’

आपला एक जण म्हणजे शुभंकर शर्मा. लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा, झाशीला जन्मलेला, चंदीगडचा. हॉयलेकचा पार ७१, म्हणजे सगळं नीट झालं तर अठरा होल्सना ७१ फटके लागावेत असा हिशेब. शुभंकरने तीन कमी घेतले होते. पहिल्या दिवशीचे आघाडीवीर ६६ वर होते आणि त्यातला एक तर दक्षिण आफ्रिकेचा हौशी खेळाडू, क्रिस्टो लॅम्प्रेक्ट. गोल्फमधली ही गंमत मला आवडली. यादीत सगळे एकाखाली एक असतात, करोडपती आणि कॉलेजकुमार, आणि जमीन सगळ्यांना सारखीच छळते.

शुक्रवारी मित्र निघाला. त्याचे व्हॉइस नोट्स म्हणजे लाइव्ह कॉमेंट्रीच. ‘अगं, लिव्हरपूलहून लोकलने जातात इथे! लोकल! पिवळी आहे, आणि बसायला जागा आहे, म्हणून जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.’ मर्सी नदीच्या पलीकडे विरल नावाचं द्वीपकल्प आहे, ही गाडी नदीखालच्या बोगद्यातून तिकडे निघते आणि वेस्ट कर्बीला संपते. त्याच्या आधी हॉयलेक. स्टेशनवर उतरायचं आणि गर्दीमागून चालत सुटायचं. म्हणजे तुम्हाला कधी योग आलाच, तर टॅक्सीवर पैसे घालवू नका, विरारकर असल्यासारखे खुशाल गाडीत चढा.

आत गेल्यावर त्याचा पहिला मेसेज होता, ‘फसवलं! इथे काहीच नाहीये.’

मग फोटो आला. खरंच काही नव्हतं. झाड नाही, तळं नाही, कारंजं नाही. सपाट, पिवळट-हिरवं, जरा खालीवर झालेलं माळरान, त्यावरून सुसाट वारा, आणि कडेला ओहोटी लागलेली डी नदीची खाडी. पलीकडे धूसर वेल्स. १८६९ मध्ये क्लब निघाला तेव्हा इथे घोड्यांच्या शर्यती होत. ओहोटीला लोक वाळूतून चालत समोरच्या हिल्ब्री बेटांवर जातात आणि भरतीच्या आत परत येतात. चेंबूरची हिरवीगार बाग डोक्यात ठेवून बघाल तर हॉयलेक म्हणजे बिल्डरने अर्धवट सोडलेला प्लॉटच.

आता ‘लिंक्स’ची भानगड. मी आपली समजत होते की समुद्र आणि शेत यांना जोडणारी जमीन म्हणून लिंक. मित्राने तिथल्या एका आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले की जोडण्याबिडण्याशी संबंध नाही, उंचवट्यासाठी जुन्या इंग्रजीत जो शब्द होता त्यावरून आलंय. पण जमीन मात्र तीच. समुद्र मागे हटला, वाळू उरली, वाऱ्याने तिचे ढिगारे केले, त्यावर चिवट, बारीक गवत उगवलं. नांगर घालावा तर वाळू, पीक येईना. घर बांधावं तर वारा टिकू देईना. मग मेंढ्या सोडल्या. मेंढ्यांनी गवत खाऊन खाऊन आखूड केलं, वाऱ्यापासून लपायला बसून बसून खड्डे केले, त्यातले काही पुढे बंकर झाले असं सांगतात. आणि कामाला न येणाऱ्या त्या जागेवर कोळी, धनगर, धर्मगुरू, कुणीही काठी घेऊन चेंडू टोलवत सुटलं. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, जिथे या खेळाची गंगोत्री मानतात, तो तर आजही सार्वजनिक जमिनीवर आहे. एरवी रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावातले लोक कुत्री घेऊन फिरायला येतात. जगातल्या सगळ्यात नामांकित गोल्फ कोर्सवर, फुकट!

वाळूचा मोठा फायदा म्हणजे पाणी. कितीही पडलं तरी खाली झिरपून जातं. त्यामुळे जमीन कडक राहते, चेंडू पडल्यावर थांबत नाही, घरंगळत राहतो. अमेरिकेत चेंडू हवेतून नेऊन झपकन थांबवतात, लिंक्सवर तो जमिनीवरून गोडीगुलाबीने न्यावा लागतो. २००६ मध्ये याच हॉयलेकला टायगर वूड्स जिंकला, तेव्हा गवत उन्हाने करपून तपकिरी झालं होतं आणि चेंडू इतका पळत होता की चार दिवसांत त्याने ड्रायव्हर ही सगळ्यात लांब मारणारी काठी फक्त एकदा बाहेर काढली. जिंकल्यावर तो कॅडीच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडला. त्याचे वडील त्याच मे महिन्यात गेले होते. तेव्हा तो क्लिप टीव्हीवर सारखा दाखवायचे. मी तो बघितला होता, पण तो कुठल्या गावात रडत होता हे मला सतरा वर्षांनी कळलं.

माझा मित्र दिवसभर दोरीच्या बाहेरून शुभंकरच्या मागे चालला. गोल्फ बघायला गेलात तर दोनच मार्ग. एक तर स्टँड पकडून बसायचं आणि सगळे समोरून जाताना बघायचे, किंवा एकाला धरून अठरा होल चालायचं. दुसऱ्यात पायाचे तुकडे पडतात, पण माणूस कळतो. ‘बाकी लोक जाताना टाळ्या वाजवतात, याच्या वेळी जरा कमी,’ मित्र म्हणाला. ‘मग मी दोघांच्या वाजवतोय.’ शुभंकरने त्या दिवशी ७१ घेतले. बरोबर पारवर. बाराव्या की तेराव्या होलला मित्राचा फोन मेला, मग संध्याकाळपर्यंत शांतता.

त्याच दिवशी ब्रायन हार्मन नावाच्या एका बुटक्या, डावखुऱ्या अमेरिकनाने ६५ मारून पाच फटक्यांची आघाडी घेतली. त्याचं नाव आमच्या ऑफिसात कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि इंग्लंडमध्येही फारसं कुणी ऐकलं नसावं. मारण्याआधी तो मनगट इतक्या वेळा हलवतो की आपल्याला वाटतं, बाबा रे, सुटलं एकदा ट्रॅफिक?

शनिवारी मला मुलुंडला जायचं होतं. मित्राच्या आईने मेतकूट आणि भाजणी करून ठेवली होती, माझी एक कलीग पुढच्या आठवड्यात मँचेस्टरला जाणार होती. बोरिवलीहून मुलुंड नकाशावर चार बोटं आहे. पण मधे नॅशनल पार्कचा डोंगर, आणि गोरेगाव-मुलुंड लिंक रोडचा डोंगराखालचा बोगदा तेव्हा कागदावर. मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवई, तिथून पुढे. दीड तास. एवढ्या वेळात हार्मन सहा होल खेळतो.

काकूंचं घर मुलुंड पूर्वेला, सातव्या मजल्यावर. खिडकीतून ईस्टर्न एक्सप्रेस हायवे दिसतो आणि त्याच्या पलीकडे मिठागरं. पावसाळ्यात तिथे मीठ नसतं, नुसतं पाणी. चौकोनी बांध बुडालेले, मधूनच त्यांची एखादी रेघ वर आलेली, आणि पुढे ठाण्याच्या खाडीपर्यंत तिवरांची गडद पट्टी. वर राखाडी आभाळ. मी खिडकीत उभी राहिले आणि मोबाइलवर कालचा हॉयलेकचा फोटो काढला. एक इकडे, एक तिकडे. काकू म्हणाल्या, ‘हे काय, आमच्या खिडकीतला फोटो कधी काढलास?’

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आपल्याकडेही आहे की लिंक्स! समुद्र आणि पक्की जमीन यांच्या मधली, धड पाणी नाही धड माती नाही अशी. तिला आपण खाजण म्हणतो. तिकडे वाळू होती म्हणून गवत आलं आणि खेळ आला. इथे चिखल होता म्हणून तिवर आले, निवट्या आणि खेकडे आले, आणि बांध घालून मीठ आलं. चिखलात गोल्फ जमत नाही, कबूल. पण कामाची नाही म्हणून सोडून दिलेली जमीन दोन्हीकडे एकच. आणि दोन्हीकडे तिचं खरं काम पाण्याला जागा देणं हेच होतं.

फरक पुढचा आहे. त्यांनी ती तशीच ठेवली, आपण भरली. अंधेरीचं लोखंडवाला ज्या जागेवर उभं आहे ती दलदल होती. चारकोप आणि गोराईच्या वसाहती १९८० च्या दशकात वर्ल्ड बँकेच्या योजनेतून खाडीकाठी वसल्या, आणि त्यामुळेच माझ्या बाबांसारख्या हजारो लोकांना परवडेल असं घर मिळालं. मी ज्या चिंचोली बंदरच्या बाजूला ऑफिसला जाते, तिथे आधी डम्पिंग ग्राउंड होतं. आणि त्याच्याही आधी? नावातच ‘बंदर’ आहे हो! तीस सेकंद सिग्नलला थांबताना हा विचार मला सहा वर्षांत आला नव्हता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याने मात्र जुना नकाशा बरोबर लक्षात ठेवला होता. बादली ओतली की कुठे जाईल ते बघा, असं कॅडीदादा म्हणाले होते ना.

(काकूंच्या खिडकीबाहेरच्या पाण्याचंही पुढे ठरलं. २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड इथली मिळून सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय झाला. विरोध झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. धारावीत दहा बाय दहात राहणाऱ्याला घर नको असं मी कुठल्या तोंडाने म्हणू, मी स्वतः भरावावर वाढलेली. पण काकू आता नव्या पाहुण्याला आधी खिडकीपाशी नेतात.)

परतताना मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी. मेट्रोत उभ्या उभ्या बघते तर स्पेनच्या जॉन राहमने ६३! हॉयलेकवरच्या ओपनमध्ये इतका कमी स्कोअर आधी कुणी केला नव्हता. साकीनाका येईपर्यंत मी शेजारच्या अनोळखी मुलीला ते सांगून मोकळी झाले. तिने इअरफोन काढून ‘कोण?’ विचारलं आणि परत घातले. शुभंकर ७०. तीन दिवसांनंतर पारच्या चार खाली, आणि पहिल्या दहाच्या आसपास!

रविवार. आता घरातलं राजकारण. भारत-वेस्ट इंडिज दुसरी टेस्ट त्रिनिदादला चालू, विराटने शुक्रवारीच शतक ठोकलेलं, आणि रविवारी संध्याकाळी साडेसातला चौथा दिवस सुरू. रिमोट बाबांच्या हातात, म्हणजे विषय संपला. दुपार तशी झकास गेली होती, आपल्या मालाडच्या चिराग शेट्टीने सात्विकबरोबर कोरिया ओपन जिंकली होती. बाबांच्या मते एका दिवसाला एवढं पुरे. ‘गोल्फमध्ये किती ओव्हर असतात?’ त्यांनी विचारलं. मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात.

पण वरुणराजा माझ्या बाजूने होता. आधी हॉयलेकला पाऊस. सकाळपासून, थांबायचं नाव नाही. खेळाडू छत्रीत, कॅडी टॉवेल पिळतोय, प्रेक्षक रेनकोटात गच्च. मग आमच्या बोरिवलीत. आणि मग, आहाहा, त्रिनिदादलाही! सिराजने पाच विकेट काढून झाल्या होत्या, रोहित आणि यशस्वीने धुमाकूळ घातला होता, आणि खेळ थांबला. कव्हर्स आली. बाबा कंटाळून म्हणाले, ‘लाव तुझं ते.’

मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. समोर सतरावं होल होतं, त्या वर्षासाठी नव्याने केलेलं. अवघं १३६ यार्डांचं, सरळ समुद्राकडे तोंड. बाजूला वाळू, मागे वाळू, त्यापलीकडे खाडी. बाबा चष्मा पुसून पुढे सरकले.

‘हे कुठलं?’

‘लिव्हरपूलजवळ.’

‘आपलं गोराई बंदर वाटतंय. पूर्वीचं.’

आणि मग बाबा सुरू झाले. मी एवढी वर्षं त्या घरात राहिले, पण हे ऐकलं नव्हतं. सत्तरच्या दशकात ते कोकणातून मामाकडे बोरिवलीला आले तेव्हा लिंक रोड नव्हताच. शिंपोलीच्या पुढे भातशेती, मग खाजण. रविवारी पोरं बांधावरून चालत खाडीपर्यंत जायची. खेकडे पकडायचे असले तर ओहोटीची वेळ बघून. परत येताना बांध कुठे आहे हे पाण्याखालून पायाने चाचपडत यायचं. ‘तुझं कॉलेज होतं ना, त्याच्या मागे मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलोय,’ ते म्हणाले. मग घराचा नंबर लागला, भराव पडला, रस्ता आला. वाईट वाटलं का, असं मी विचारलं. ‘वेडी आहेस का? घर मिळालं ना,’ म्हणाले आणि परत टीव्हीकडे बघायला लागले.

त्यानंतर त्यांनी गोल्फचा ताबाच घेतला. हार्मनला त्यांनी ‘डावऱ्या’ असं नाव ठेवलं. सुरुवातीलाच डावऱ्याचे फटके वाया गेले, दुसऱ्या होलला एक, पाचव्याला एक, तेव्हा बाबा म्हणाले, ‘घाबरलाय.’ पुढच्या दोन होल्सना त्याने लागोपाठ दोन बर्डी काढल्या, तेव्हा म्हणाले, ‘मी म्हटलं नव्हतं?’ शनिवारी गर्दीतल्या कुणीतरी त्याला तुझ्यात दम नाही असं सुनावलं होतं, हे मी सांगितल्यावर तर ते पूर्ण डावऱ्याच्या पार्टीत गेले. त्रिनिदादला खेळ परत सुरू झाला होता. आई म्हणाली, ‘अहो, क्रिकेट.’ बाबा म्हणाले, ‘थांब, पट मारतोय.’

शुभंकर आत आला तेव्हा मी एकटीच ओरडले. ६८, ७१, ७०, ७०. चारही दिवस पारच्या वर एकदाही नाही, त्या वाऱ्यात आणि त्या पावसात. एकूण पाच अंडर, संयुक्त आठवा. ओपनमध्ये कुठल्याही भारतीयाने केलेली सगळ्यात भारी कामगिरी. त्याआधीचा विक्रम २००४ चा, ज्योती रंधावा, संयुक्त सत्ताविसावा. एकोणीस वर्षांनी तो मोडला आणि माझ्या फोनवर त्याबद्दल फक्त एक मेसेज आला, लिव्हरपूलहून. बाकी सगळे ग्रुप इशान किशनच्या फिफ्टीने ओसंडून वाहत होते. त्यात गैर काही नाही, फिफ्टी झक्कास होती. पण वाटलं, साला, हा मुलगा चार दिवस कसला खेळलाय!

हार्मन सहा फटक्यांनी जिंकला. तेरा अंडर. रात्रीचे अकरा वाजत आले होते. चिंब भिजलेल्या टोपीने तो चषक घेऊन उभा राहिला, त्यांचा तो चांदीचा सुरईसारखा जग. बाबांनी विचारलं, ‘पुढच्या वर्षी कुठे?’ स्कॉटलंडला, रॉयल ट्रूनला, मी सांगितलं. पहिल्या दहात आलेल्यांना पुढच्या ओपनचं तिकीट थेट मिळतं, म्हणजे शुभंकरही तिथे असणार. ‘मग जुलैत क्रिकेट कुठे आहे ते आधी बघून ठेव,’ बाबा म्हणाले आणि झोपायला गेले.

तुम्हाला हे करून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. जुलैचा तिसरा आठवडा गाठा, एक खेळाडू निवडा आणि त्यालाच चिकटून राहा, नाहीतर दीडशे नावांत हरवाल. रविवार रात्रीनंतरचा सोमवार मात्र सुट्टीचा ठेवा, मला ते सुचलं नाही. आणि काठी हातात घ्यायची हुक्की आलीच तर खारघरला सिडकोचा कोर्स आहे, तिथे मेंबर नसलात तरी पैसे भरून खेळता येतं. तो डोंगरांच्या कुशीत आहे, लिंक्सबिंक्स काही नाही.

सोमवारी सकाळी डोळे चुरचुरत होते. पाऊस चालूच. मालाडकडे जाताना रिक्षा एका मोठ्या सिग्नलला अडकली, रोजच अडकते. समोर पाण्याचं तळं, त्यात बेस्टची बस अर्धं चाक बुडवून उभी. मित्राचा मेसेज आला, ‘कुठे पोचलीस?’

मी टाईप केलं, ‘मीठ चौकी.’ आणि मग त्या दोन शब्दांकडे बघत बसले. सिग्नल सुटला, मागच्या टेम्पोने हॉर्न मारला आणि रिक्षावाले काका म्हणाले, ‘इथून पाणी कधीच जात नाही बघा, ताई.’